निंबार्ते मिस्त्रींची घरगाडी

भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेच्या कडेने गॅरेजवाल्यांची रांग आहे. तिथे गाडी बिघडून उभी राहिली की आधी पाना निघत नसे, आधी निंबार्ते मिस्त्रींना बोलावणं जाई. मिस्त्री येत, बॉनेट उघडायला लावत, दोन्ही हात पाठीमागे बांधून वाकत आणि वास घेत. एवढंच. मग सरळ उभे राहून सांगत, क्लच जळून राहिला आहे, नाहीतर पेट्रोलात रॉकेल आहे, नाहीतर उंदराने वायर खाल्ली अन् तिथेच मेला. खोलल्यावर तेच निघे. त्या रांगेतल्या एकाही माणसाने त्यांच्या नाकावर कधी शंका घेतली नाही. मीही घेतली नाही. तेच मला सांगायचं आहे, आणि सांगताना माझा मलाच राग येणार आहे हे आधीच सांगून ठेवते.

मी गाड्यांचे विमे काढून देते. भंडाऱ्याला बसस्टँडच्या मागे एक खोली, एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या, असा सगळा पसारा. तोंडाने फटकळ म्हणून गावात माझं नाव आहे आणि ते काही खोटं नाही. मिस्त्री मला कधी नावाने बोलले नाहीत, 'विमेवाली बाई' म्हणायचे. मी त्यांना काका म्हणायची. ओळख झाली ती माझ्या स्कूटरपायी. चढावर दम टाकायची, म्हणून त्यांच्याकडे नेली. त्यांनी सीट उचलली, नाक खाली नेलं आणि म्हणाले, "फिल्टर तुंबला आहे. अन् बाई, ही गाडी मच्छी बाजारात जाते." मी अशी काही फणकारले! आमच्या घरात चतुर्थीला लसूणसुद्धा चालत नाही. रस्त्यावरच त्यांना चार गोष्टी सुनावून आले. घरी येऊन दिराला सहज म्हणून विचारलं, तर त्याचा चेहरा उतरला. दर रविवारी माझ्या स्कूटरवरून मित्राच्या घरी मासोळी पोचत होती. दुसऱ्या दिवशी मुकाट जाऊन मिस्त्रींची माफी मागितली. ते म्हणाले, दिराला रागावू नका, मासोळी ताजी होती.

उंच, वाळलेले, सत्तरी ओलांडलेले. खाकी फुलपँट आणि खिशाचं बनियन, हिवाळ्यात त्यावर एक तपकिरी स्वेटर. काम संपलं की हात साबणाने नाही, बेसनाने धुवायचे. साबणाचा वास नाकात बसतो म्हणे. सकाळी कामाआधी कच्चा कांदा खायचे नाहीत. सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळणाऱ्या माणसाला गाडीजवळ उभं करायचे नाहीत, मग तो गाडीचा मालक का असेना. तो बिचारा दहा हात लांब उभा राहून चौकशी करायचा. "डोळे फसतात, कान फसतात, नाक फसत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यात बढाई नसायची. आज बाजार आहे म्हणावं तसं म्हणायचे.

पण या सगळ्या गाड्या लोकांच्या. त्यांची स्वतःची गाडी एकच, आणि ती त्यांच्या दोन खोल्यांच्या घरामागे टिनाच्या शेडमध्ये उभी असायची. आम्ही सगळे तिला घरगाडी म्हणायचो. लष्कराच्या लिलावातून आलेला पेट्रोलवर चालणारा जुना ट्रक, आणि त्याच्या पाठीवर भंडाऱ्याच्या सुताराने बांधलेलं सागवानी घर. आत दोन बाकं, ती जोडली की पलंग. एक ओटा, पितळेचं इवलंसं बेसिन, वर पाण्याची टाकी, खिडक्यांना जाळ्या आणि फुलांचे पडदे. एका फिरत्या टॉकीजच्या मालकाने ती हौसेने करून घेतली होती. मालकाची हौस एका हंगामात फिटली. मग त्या गाडीत टॉकीजचे ड्रायव्हर आणि जनरेटर सांभाळणारे निंबार्ते मिस्त्री आणि त्यांची नवी नवरी अनसूयाकाकू राहू लागले. दिवाळीनंतर गावोगावचे मंडईचे मेळे, मग बैलांच्या शर्यतीचे शंकरपट, मग जत्रा, असे बावीस वर्षं ते दोघं गावोगाव फिरले. काकू बायकांच्या दाराशी तिकिटं फाडायच्या आणि सगळ्या माणसांचा स्वयंपाक करायच्या. मूलबाळ झालं नाही. टॉकीज बंद पडली तेव्हा मालक म्हणाला, माझ्या पोरांना हे भंगार नको, घेऊन जा तुम्हीच.

त्या गाडीचा एकही भाग बाजारात मिळत नव्हता. मिस्त्रींचं काही अडायचं नाही. कार्बोरेटरच्या बारीक नळ्या ते भंडाऱ्याच्या पितळेच्या कारागिराकडून घडवून आणायचे, त्याच्या शेजारी बसून, दहादा परत करून. लाकडाला दर दिवाळीत जवसाचं तेल द्यायचे. धुराच्या पाइपाच्या जोडावर जी अॅसबेस्टॉसची दोरी गुंडाळायची, ती एका बंद पडलेल्या राइस मिलच्या बॉयलरमधून काढून आणलेली. ती तरी किती दिवस पुरणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, आमच्या दोघांले पुरेल.

आणि विम्याचं तर विचारूच नका. दर डिसेंबरात ही एक पॉलिसी माझं डोकं खायची. कॉम्प्युटरात गाड्यांची यादी येते, त्यात असलं काही नावच नाही. कंपनीचा साहेब विचारायचा, यात चूल आहे, पलंग आहे, मग ही गाडी कशी? घराचा विमा काढा. घराच्या विम्याचा साहेब विचारायचा, याला चाकं आहेत, मग हे घर कसं? मी दोघांशी भांडायची. शेवटी थर्ड पार्टी तेवढी मिळायची, म्हणजे गाडीने रस्त्यावर दुसऱ्या कोणाचं नुकसान केलं तर. कागद हातात घेऊन काका दर वर्षी तोच प्रश्न विचारायचे, "अन् आतल्या माणसाचं काय, बाई?" मी दर वर्षी तेच उत्तर द्यायची, की आतल्या माणसाचं यात काही नाही, ते तुम्हीच पाहा. "पाहतो," ते म्हणायचे, आणि कागद घडी करून ठेवायचे.

आता या गाडीवर एवढा जीव टाकायचं कारण काय, तर अनसूयाकाकू. सहा-सात वर्षांपूर्वी काकूंना विसर पडू लागला. आधी डाळीत मीठ, मग शेजारणीचं नाव, मग स्वतःचं घर. दोन खोल्यांच्या त्या पक्क्या घरात त्यांचा जीव लागेना. साड्यांचं गाठोडं बांधायच्या आणि तडक हायवेवर जाऊन उभ्या राहायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, घरी चालली. दोनदा ट्रकखाली येता येता वाचल्या. एक दिवस काकांनी त्यांचा हात धरला आणि शेडमध्ये नेऊन घरगाडीत बसवलं. काकूंनी गाठोडं सोडलं, साड्या फळीवर लावल्या आणि ओट्यासमोर चहा करायला उभ्या राहिल्या. त्यांचं घर ते होतं. बाकी सगळं विसरल्या होत्या, पण साखरेचा डबा कुठे ठेवला आहे हे त्यांच्या हाताला माहीत होतं.

त्या दिवसापासून काकांच्या आयुष्यात एकच काम उरलं. ही गाडी जिवंत ठेवायची, कागदानिशी, चाकांनिशी. नुसती उभी ठेवून भागत नव्हतं, कारण संध्याकाळ झाली की काकू बेचैन व्हायच्या. मुक्काम हलवायची ती त्यांची वेळ होती. मग काका समोर जाऊन इंजिन सुरू करायचे. गाडी थरथरली की काकू बाकावर आडव्या व्हायच्या आणि विचारायच्या, "कोणतं गाव आलं?"

काका ड्रायव्हरच्या सीटवरून सांगायचे, "लाखनी आली."

थोड्या वेळाने पुन्हा, "आता?"

"साकोली."

लाखनी, साकोली, लाखांदूर, पवनी, अड्याळ. पूर्ण फेरा व्हायचा. गाडी एक इंच हलायची नाही. अड्याळ येईपर्यंत काकूंना झोप लागलेली असायची, मग काका इंजिन बंद करायचे. मी एकदा पॉलिसी द्यायला गेले तेव्हा मागच्या पायरीवर बसून हा सगळा फेरा ऐकला. तोंडाळ बाई मी, पण त्या दिवशी पॉलिसी पायरीवरच ठेवून पाय न वाजवता निघून आले.

मधे रजिस्ट्रेशन नवं करायची वेळ आली. इतकी जुनी गाडी इन्स्पेक्टरला नेऊन दाखवावी लागते. काका गाडी घेऊन आरटीओत गेले, काकूंसकट, कारण त्यांना एकटं सोडता येत नव्हतं. मी सोबत कागद घेऊन. इन्स्पेक्टर तरुण होता, चिडलेला होता, म्हणाला ही तर स्क्रॅपची गाडी, हिला कशाला पास करू. बूट घालूनच वर चढला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बूट बाहेर काढ बापू. अन् तिकीट फाडलं का?" तो गोंधळला. काकांनी खालून हळूच सांगितलं की साहेब, नाही म्हणू नका. त्याने बूट काढले, पायरीवर ठेवले आणि काकूंनी दिलेला चहा उभ्याने प्यायला. मग खाली उतरून तासभर गाडी तपासली, ब्रेक, लाइट, स्टिअरिंग, सगळं. सही करताना मला म्हणाला, मॅडम, नव्या गाड्या इतक्या नीट नसतात. काका त्या दिवशी फार खूश होते. परत येताना हायवेवर त्यांनी गाडी अशी हाकली की माझी स्कूटर मागे पडली.

मग कोरोना आला. दोघंही आजारी पडले, दोघंही वाचले. शेजाऱ्यापाजाऱ्यांत माणसं गेली, त्यामुळे हे दोघं वाचले याचंच आम्हाला मोठं वाटलं. काका महिनाभरात पुन्हा बॉनेटवर वाकू लागले. हात मागे, नाक खाली.

त्यांचं नाक गेलं होतं. पार गेलं होतं, बेसन की साबण तेही कळत नव्हतं, आणि त्यांनी हे कोणालाही सांगितलं नाही. आज मागे वळून पाहिलं की सगळं दिसतं. एकदा माझ्यासमोर फाटलेल्या दुधाचा चहा त्यांनी शांतपणे पिऊन टाकला. मला वाटलं, म्हातारपणी माणूस काटकसरी होतो. वाकण्याआधी ते गाडीवाल्याशी बोलायला लागले होते. कधीपासून येऊन राहिला वास, कसा येते, जळल्यासारखा की आंबट. गाडीवालाच सगळं सांगून टाकायचा, मग काका वाकून तेच नाव घ्यायचे. पन्नास वर्षांचा अनुभव होता, चुकायचे क्वचितच. मीसुद्धा जुन्या गाड्यांचे विमे काढायच्या आधी गाडीवाल्यांना त्यांच्याकडे पाठवायची. मिस्त्रींनी हुंगून दिली की माझ्या मनाला खात्री वाटायची. साधी पीयूसी घ्या. घरगाडी कधी काळी पीयूसीच्या खोलीसमोर उभी राहिली, तर तिथला माणूस पाइपात नळी घालायचाच नाही. नंबरप्लेटचा फोटो काढायचा, कागद छापायचा. निंबार्ते काकांच्या गाडीचा धूर मी काय तपासू, म्हणायचा. याला आम्ही मान देणं म्हणायचो.

मागच्या डिसेंबरात मी चेसिस नंबरचा छाप घ्यायला गेले. थंडी कडाक्याची होती. शेडच्या उघड्या बाजूंना काकांनी ताडपत्री बांधून घेतली होती, काकूंना वारं लागू नये म्हणून. इंजिन चालू होतं. मी मागचं दार उघडून आत पाऊल टाकलं आणि माझ्या नाकात धूर शिरला. जळक्या पेट्रोलचा, स्पष्ट. काकू बाकावर पडून होत्या, गाल लाल. काका म्हणाले, डोकं दुखते तिचं आठ दिवसांपासून, उलटीही झाली, डॉक्टरने पित्ताची गोळी दिली.

मी म्हटलं, "काका, आत धुराचा वास येऊन राहिला."

ते आत आले. वाकले, तळाच्या फळीजवळ नाक नेलं, बराच वेळ थांबले. मग उभे राहून माझ्याकडे न पाहता म्हणाले, "काही नाही. तुझ्या स्कूटरचा आहे तो, कपड्याले लागला असंन. माझ्या नाकाले तू शिकवते काय, बाई?"

मी गप्प झाले. नुसती गप्प झाले असते तर एक वेळ ठीक. मी माझी ओढणी नाकाला लावून पाहिली आणि स्वतःची समजूत घातली की हो, येतो थोडा, स्कूटरचाच असेल. चार दिवसांनी पॉलिसी द्यायला पुन्हा गेले, पुन्हा तोच वास आला, आणि या वेळी मी तोंडसुद्धा उघडलं नाही. जगाशी भांडणारी मी, त्या एका माणसाच्या नाकापुढे माझं नाक खोटं ठरवून मोकळी झाले. शेजारच्या गॅरेजातला रमेश वेल्डर रोज तिथून जायचा. त्यालाही वास येत होता. तोही तेच म्हणाला मनाशी, काकांना कळत नसेल होय?

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. संध्याकाळी काकांनी इंजिन सुरू केलं, काकू आडव्या झाल्या. तेवढ्यात टायरवाल्याचा माणूस धावत आला की नाशिककडचा ट्रक उभा आहे, काय बिघडलं समजत नाही, तुम्ही फक्त पाच मिनिटं वास घेऊन जा. काका म्हणाले, लाखनी आली, मी आलोच. काकूंनी मान हलवली. ताडपत्री खाली सोडून ते गेले. पाच मिनिटांची पस्तीस-चाळीस मिनिटं झाली, कारण ट्रकचा ड्रायव्हर घुम्या होता आणि त्याच्याकडून काही काढता येईना. काका तीन-तीनदा वाकले. एवढ्या लोकांसमोर मला कळत नाही म्हणायची हिंमत झाली नाही, हे त्यांनीच मला पुढे सांगितलं.

परत आल्यावर ते सरळ ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मागून आवाज आला नाही. त्यांना वाटलं झोप लागत असेल. ते म्हणाले, साकोली आली. मग म्हणाले, लाखांदूर आलं. मग पवनी. अड्याळपर्यंत त्यांनी पूर्ण फेरा केला, इंजिन बंद केलं, पांघरूण घालायला मागे गेले. तेव्हा त्यांना कळलं की लाखनीनंतर कोणी काही विचारलंच नव्हतं.

तळाच्या फळीखाली धुराच्या पाइपाचा जोड सुटला होता. राइस मिलची ती दोरी जळून भुगा झालेली, आणि नेमकी वरची सागवानी फळी एका कडेला बोटभर झिजलेली. सगळा धूर आत.

दवाखान्यातून काकूंना आणलं तेव्हा सगळी रांग दारात उभी होती. पोलीस जमादार कागद लिहीत होता. त्याने आपल्या मनाने वाक्य घातलं की जुनी गाडी असल्याने धूर निघून अपघाती मृत्यू. काका घराच्या ओट्यावर बसले होते, उठले आणि म्हणाले, असं नका लिहू.

"गाडीचा दोष नाही. कोरोनापासून मले वास येत नाही. मी कोणाले सांगितलं नाही. हे लिहा."

मग रमेश वेल्डर खाली बसला आणि लहान लेकरासारखा रडायला लागला, म्हणाला मले रोज वास येत होता काका, रोज येत होता. मी भिंतीला टेकून उभी होते. मला रडू आलं नाही. मला त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला की काय सांगू, आणि त्याच क्षणी समजलं की त्यातला अर्धा राग माझ्यावरचा आहे. जमादाराने मान खाली घालून जुनं वाक्य तसंच ठेवलं. काका त्यावर सही करीनात. म्हणाले, खोट्यावर सही नाही करत. शेवटी पुरवणी कागद जोडावा लागला.

तेरवीनंतर ते माझ्या दुकानात आले. घरगाडी त्यांनी स्वतः हायवेने नेऊन भंगारात दिली होती, रजिस्ट्रेशन रद्द केलं होतं. पॉलिसीचा कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, हा बंद कर. मी केला. विम्यातून काही मिळणार नव्हतं हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी विचारलंही नाही. मी चहा मागवला, त्यांनी घेतला नाही. कप बाजूला सरकवून म्हणाले, "कोरोनानंतर तू माझ्याकडे ज्या गाड्या पाठवल्या, त्यांचे पत्ते दे."

मी विचारलं, "कायले, काका?"

"मी त्या पाहिल्या नाहीत, बाई. नुसता वाकलो. त्यांच्यातही माणसं बसतात."

मी कॉम्प्युटरवरून यादी काढून दिली. अक्षर मोठं करून. गावांच्या क्रमाने लावून दिली, म्हणजे त्यांना एसटीने जाताना सोपं. ते बारकाईने वाचून गेले. मला वाटलं, दुःखात माणूस काहीतरी बोलतो, चार दिवसांनी विसरेल.

फेब्रुवारीत मी एका पॉलिसीच्या कामाने अड्याळला गेले. बाजाराचा दिवस होता. बसथांब्याजवळ गर्दी जमलेली, आत आवाज चढलेला. डोकावले तर मध्ये निंबार्ते काका. एका काळीपिवळी जीपच्या मालकाने त्यांचं बनियन धरलं होतं. तो ओरडत होता की रोज बाया-लेकरं बसवतो मी यात, अन् तू दोन वर्षांनी सांगाले आला की तुले वास येत नव्हता? त्याचं काही चुकत नव्हतं. काकांनी हात जोडले होते. ते एवढंच म्हणत होते की आजच दुसऱ्या मिस्त्रीकडून धुराचा पाइप पाहून घे, भाऊ, मग मले मारजो. धक्क्यात त्यांचा चष्मा पडून फुटला. लोकांनी सोडवलं. बाजूच्या गॅरेजातला माणूस आला, जीपखाली शिरला, पाच मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाला सगळं ठीक आहे. मालकाने काकांना सांगितलं, जा आता, पुन्हा तोंड दाखवू नको. काका म्हणाले, "बरं झालं." खरंच बरं वाटलं होतं त्यांना, चेहऱ्यावर दिसत होतं.

मी त्यांना झाडाखाली बसवलं, पाणी दिलं. किती खराब झाले होते. विचारलं की किती गावं झाली. लाखनी झाली, साकोली झाली, पहेला झालं, म्हणाले. दोन जोड सैल निघाले म्हणे. दोन. मग मला राहवलं नाही.

"काका, मी दुसऱ्यांदा आली तेव्हाही वास आला होता. मी बोलली नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू पहिल्यांदा बोलली होती, बाई. तुझं तोंड मी बंद केलं. तू जीव नको जाळू." आणि यादीचा कागद माझ्यापुढे धरला. चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं. "पाह्य बरं, या गावात अजून कोण राहिलं?"

मी वाचलं. एकच राहिला होता, आकाशपाळणावाला. जत्रेजत्रेला पाळणा लावणारं कुटुंब, जुन्या टेम्पोत राहणारं. त्याची पॉलिसी मीच काढली होती. काका लगेच उठले. मी म्हटलं, स्कूटरवर सोडते. ते मागे बसले, हलके इतके की कोणी बसलं आहे असं वाटेना.

टेम्पो गावाबाहेर तळ्याच्या पाळीजवळ उभा होता. दिवस मावळत आला होता, गार वारं सुटलं होतं. टेम्पोच्या मागच्या भागाला सगळीकडून चादरी लावल्या होत्या. आतून लेकरांच्या हसण्याचा आवाज येत होता, आणि समोर इंजिन चालू होतं, मोबाइल चार्जिंगला लावले असतील. मी स्कूटर थांबवायच्या आधीच काका उतरले. ओढाताणीत फाटलेल्या बनियनावरच धावत गेले आणि टेम्पोच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी थापा मारू लागले.

आतून बाईने घाबरून विचारलं, कोण आहे.

"मिस्त्री आहो," काका म्हणाले. "आधी इंजिन बंद करा. लेकरं बाहेर काढा. मग सांगतो."